झाड माझें, नारळ माझा, दृष्ट तुमची

सेतुमाधवराव माझ्या फाटकापाशी येऊन हाक मारायचे ती बरोबर तीन वेळा. "कुलकर्णीबाऽई!" मग थांबायचे. पुन्हा "कुलकर्णीबाऽई!" पुन्हा थांबायचे. तिसऱ्या हाकेलाही मी बाहेर आले नाही तर चौथी हाक नाही. खिशातून एक छोटी वही काढून तीत काहीतरी लिहायचे आणि चपला फटफटवत परत जायचे. एकदा मी आंघोळीला गेले होते. हाका ऐकू येत होत्या, पण बाहेर कशी येणार? संध्याकाळी विचारलं, "काका, सकाळी काय लिहिलंत?"

"गैरहजर म्हणून लिहिलें," ते शांतपणे म्हणाले.

छत्तीस वर्षं मुन्सिफ कोर्टात कारकुनी केलेला हा माणूस. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण कोर्ट काही त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. गल्लीतले लोक त्यांना 'रायर', म्हणजे तमिळ वळणाचं 'राव', म्हणत आणि शक्यतो समोरच्या बाजूने जात. मी नवखी होते. बँकेने माझी बदली कुंभकोणमला केली तेव्हा तिथे कॉफी चांगली मिळते यापलीकडे मला त्या गावाबद्दल काही ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात अंगणात उभी राहून मी सांगलीला आईशी फोनवर बोलत होते, आणि भिंतीपलीकडून प्रश्न आला, "आपण मराठीं कीं काय?"

तंजावरच्या राजांबरोबर यांचे पूर्वज इकडे आले ते इथलेच झाले. बाहेर तमिळ, घरात मराठी. तेही असं, की ऐकताना मला पणजोबांची पत्रं कुणीतरी मोठ्याने वाचतंय असं वाटायचं. मी हसले की ते रागवायचे नाहीत. "आमचें मराठी म्हातारें झालें, बाई. तुमचें अजून धावतें," म्हणायचे. त्या परक्या गावात मला इतका आनंद झाला की त्या भरात मी एक घोडचूक केली.

त्यांच्या अंगणात नारळाच्या झाडाखाली एक पांढरी अँबॅसडर उभी असे. कित्येक वर्षांत ती जागची हललेली नव्हती. चाकांत हवा नव्हती, पण अंग असं लखलखीत की त्यात बघून कुंकू लावावं. रोज सकाळी सेतुमाधवराव ती ओल्या फडक्याने पुसत. मी सहज म्हणाले, "काका, काय छान ठेवलीय हो गाडी! अजून नवी दिसते."

दुसऱ्या दिवशी पहाटे धाडकन आवाज झाला. नारळ पडला तो नेमका बॉनेटवर. वाटीएवढा खड्डा.

सात वाजता फाटकापाशी तीन हाका.

"आपण काल सायंकाळीं बोलिलां कीं नाही, 'अजून नवी दिसते' म्हणून?"

"बोलले."

"आज नारळ पडला."

"पण काका, झाड तुमचं आहे!"

"झाड माझें. नारळ माझा. गाडीही माझी. दृष्ट कोणाची?"

मी हसले. ते हसले नाहीत. "पंचेचाळीस वर्षें गाडी त्या झाडाखालीं उभी राहते. एक नारळ तीजवर पडला नाही. आपण बोलिलां आणि पडला. नुकसानभरपाई आपण द्यायची." आणि घडी घातलेला फुलस्केप कागद माझ्या हातात ठेवला. डावीकडे समास सोडून, थरथरत्या पण सुरेख अक्षरात लिहिलं होतं: वादी सेतुमाधव राव, प्रतिवादी कुलकर्णीबाई, सांगलीकर.

मी मुळात भांडखोर. आमच्या घरात भांडणातून माघार घ्यायला कुणी कुणाला शिकवलेलंच नाही. म्हटलं, होऊन जाऊ दे.

दर शनिवारी पाच वाजता त्यांच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, सुनावणी सुरू झाली. वादी ते, न्यायाधीश ते, कारकूनही तेच. मला बसायला वेताची खुर्ची. आधी पितळी पेल्यातून कॉफी यायची, तीही तेच करायचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगा चेन्नईला होता. कधी कॉफीबरोबर डांगर, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, आणि भात पुढे यायचा, कारण "प्रतिवादीस उपाशी ठेवणें कायद्यांत नाही." मी 'काका' म्हटलं की बोट वर व्हायचं. "कोर्टांत नातें नाही."

मी जोरदार युक्तिवाद करायची. दृष्ट लागते याला पुरावा काय? ते म्हणायचे, बॉनेट पाहा. माझ्याआधी कुणी गाडीचं कौतुक केलंच नाही कशावरून? ते म्हणायचे, ह्या गल्लींत कौतुक करणारीं माणसें नाहीत. मी कोंडीत सापडायची, आणि ते मात्र खुशीत यायचे. सहा वाजले की हात जोडून उठायचे. "वायदा." म्हणजे पुढची तारीख.

तीन महिन्यांत माझी हौस फिटली. बँकेत मार्चची घाई, त्यात शनिवारचा हा तमाशा. एके दिवशी मी वैतागून म्हणाले, "किती द्यायचे ते सांगा, आत्ता देऊन टाकते. विषय संपवा."

त्यांचा चेहरा पडला. चांगलाच पडला. "असें एकाएकीं कसें? रक्कम ठरावी लागते. साक्षी व्हाव्या लागतात. वायदा!" आणि घाईघाईने आत गेले.

पुढच्या आठवड्यात मी डेंटिंगवाल्यालाच घेऊन आले. अर्ध्या तासाचं काम आहे म्हणाला. सेतुमाधवराव दोन्ही हात पसरून गाडीपुढे उभे राहिले. "मुद्देमालास हात लावूं नका!" डेंटिंगवाला माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवून निघून गेला. मला भयंकर राग आला. पैसे मागायचे, दिले तर घ्यायचे नाहीत, दुरुस्ती करून देते म्हटलं तर करू द्यायची नाही! त्यानंतरचे दोन शनिवार मी मुद्दाम गैरहजर राहिले. तीन-तीन हाका ऐकत आत बसून राहिले. आज आठवलं की वाईट वाटतं.

तिसऱ्या शनिवारी हाक आली नाही. दाराशी आला त्यांचा मुलगा, रघुनाथ. चाळिशीचा, सभ्य, घामाघूम झालेला. मराठी येत होतं त्याला, पण अडखळत. थोड्या वेळाने तो तमिळवर गेला आणि मीही मोडक्या तमिळमध्ये त्याला साथ दिली.

तो म्हणाला, "मॅडम, कृपा करून अप्पांशी मिटवून टाका. गाडीला गिऱ्हाईक आलंय. जुन्या गाड्या जमवणारा माणूस आहे, नीट सांभाळील. गेल्या पावसाळ्यात गाडीखाली साप निघाला. अप्पांना आता जिना चढवत नाही, मला त्या जागी त्यांच्यासाठी खाली खोली बांधायची आहे. चार महिने मागे लागलोय. दर वेळी म्हणतात, गाडीवर दावा चालू आहे, वादातली वस्तू विकता येत नाही."

चार महिने. म्हणजे नारळ पडला तेव्हापासूनच.

त्याच्याबरोबर मी त्यांच्या अंगणात गेले. गिऱ्हाईक गाडीभोवती फिरत होतं. गल्लीच्या तोंडाशी ओढून नेणारा ट्रक उभा होता. सेतुमाधवराव तिण्णैच्या कडेला बसले होते. इस्त्रीचं धोतर, खांद्यावर अंगवस्त्र, मांडीवर ती वही. मी आल्यावर त्यांनी मान वर केली. माझ्या एका 'हो'वर ती गाडी जाणार होती, आणि ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

रघुनाथचं काही चुकत नव्हतं. साप खरा होता, जिनाही खरा होता. पण मी सांगलीची.

"मी एक पैसा देणार नाही," मी मोठ्याने म्हणाले. "दावा मला मान्यच नाही. झाड यांचं, नारळ यांचा. मी शेवटपर्यंत लढणार. आणि निकाल लागेपर्यंत कुणी गाडीला हात लावला तर माझी हरकत आहे. लिहून घ्या, राव."

सेतुमाधवरावांनी वही उघडली. पेनाचं टोपण खाली पडलं. मी ते उचलून दिलं. गिऱ्हाइकाने 'कोर्टकचेरीची भानगड नको' म्हणून ट्रक परत पाठवला. रघुनाथ आधी माझ्याकडे आणि मग वडिलांकडे बघत राहिला. त्याला कळलं असावं. तो वाकून वडिलांच्या पाया पडला. खोली मागच्या अंगणात बांधता येईल का बघतो, एवढंच म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला.

मला वाटलं, आता तरी आभार मानतील. छे! ते उठले, अँबॅसडरचं डावं दार उघडून आत बसले आणि मला खूण केली. मी वळसा घालून उजवं दार उघडायला गेले.

"तिकडे नको, बाई," ते हळूच म्हणाले. "ती तिची जागा. मज गाडी चालवितां येत नाही. कधींच येत नव्हती."

मला हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं; आता तेच सांगू लागले. गाडी त्यांच्या पत्नी, यमुनाबाई, चालवायच्या. रोज नवऱ्याला कोर्टात सोडायच्या, आणायच्या. सगळी गल्ली हसायची, आणि हे डाव्या सीटवर ताठ बसून रस्ता सांगायचे. रघुनाथच्या वेळी दिवस राहिले तेव्हा पापनाशमवरून तिरुक्करुगावूरच्या, गर्भ राखणाऱ्या देवीला त्या स्वतः गाडी चालवत गेल्या होत्या. आठवा महिना, आणि शेजारी नुसता रस्ता सांगणारा नवरा.

मी मागे बसले. आत कापराचा आणि जुन्या रेक्झिनचा वास होता. सेतुमाधवराव समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत होते. मग अगदी हलक्या, माझ्याशी कधीच न काढलेल्या आवाजात म्हणाले, "पापनाशम सुटलें. आतां डावीकडे घे." माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

"हळू गं," ते शेजारच्या रिकाम्या सीटला म्हणाले, "पुढें गाय आहे."