भामरे भाऊंची कॉलर

आमच्या शेजारचे भामरे भाऊ धुतलेल्या शर्टाची कॉलर तांब्याच्या गळ्याभोवती बटण लावून वाळवतात. तांब्या गॅलरीच्या कठड्यावर, शर्ट खाली लोंबलेला. लांबून बघितलं तर पितळी डोक्याचा माणूस उभा वाटतो.

भाऊ धुळ्याकडचे. सायली गावातल्या धाग्याच्या कंपनीत ते आणि आमचे हे एकाच पाळीत. तिथे टाय चालत नाही, रोलरमध्ये ओढला जातो. टाय नसला की कॉलरला आधार उरत नाही, असं भाऊंचं म्हणणं. म्हणून ते कॉलरला भाताची पेज लावतात आणि टोकाकडून आत इस्त्री फिरवतात. माणूस भेटला की तोंडाआधी गळा बघतात.

"कॉलर झोपली तुमची. उठवा तिला."

रिक्षावाल्याला हेच हिंदीत, भाजीवाल्याला गुजरातीत. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या बापाची कॉलर स्वतःच्या हाताने उठवली, तेव्हा हे लाजून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसले.

घरात भाऊ एकटेच. का, ते मी विचारलं नाही. मला परक्या माणसाशी बोलणं जमत नाही.

गेल्या महिन्यात कंपनीत सुपरवायझरची एक जागा निघाली, कायमची. बोलावणं दोघांनाच आलं, ह्यांना आणि भाऊंना. दोघेही ठेक्यावरचे, आणि ठेकेदार बदलणार होता. जागा नाही मिळाली तर सामान बांधून परत गावी, नंदुरबारला जायचं, असं हे म्हणायचे.

मुलाखतीच्या सकाळी ह्यांची कॉलर काही केल्या उभी राहीना. तेवढ्यात दार वाजलं. दारात भाऊ, कडक इस्त्रीत.

"शर्ट काढा तुमचा," ते ह्यांना म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. हे बनियनवर उभे राहिले आणि भाऊंनी खिशातून ब्लेड काढलं. ह्यांचा चांगला शर्ट हा एकच होता. ब्लेड कॉलरच्या शिवणीला लागलं तसा मी चुलीवरचा चहा विसरले. आता हा माणूस एक रेघ जास्त ओढेल आणि सगळं संपेल, असंच मनात येत होतं.

त्यांनी आतल्या बाजूचे चार टाके उसवले, बाटलीच्या प्लास्टिकची कापलेली पट्टी आत सरकवली. मग दुसऱ्या बाजूला. कॉलर ताठ उभी राहिली. चहा उतू गेला.

निघताना भाऊ माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. "वहिनी, माझी मागून नीट आहे का बघा. मागचं मला दिसत नाही."

एका बाजूला दुमडली होती. मी बोटाने सरळ केली. दोघे एकाच मोटरसायकलवर गेले.

संध्याकाळी हे आधी आले आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले. मी समजले. थोड्या वेळाने भाऊ दारात आले. उंबऱ्याच्या आत येईनात. गळ्याचं बटण उघडं, कॉलर दोन्हीकडे पडलेली.

"वहिनी, जागा मला मिळाली." मग उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "तुमच्याकडे सांगायला यायला नको होतं. पण दुसरं कोणाला सांगू, ते कळेना."

आत खाट करकरली. मी फळीवरून साखरेचा डबा काढला आणि त्यांच्या तळहातावर चमचाभर साखर ठेवली. आपल्या आवाजाचं मलाच नवल वाटलं.

"आत या, भाऊ," मी म्हणाले.