कुतैबाचा हरित मजला

अम्मानच्या पूर्वेकडच्या टेकडीवर अबू मुहन्नद यांचं घर होतं आणि त्याच्या गच्चीतून लोखंडी सळया आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या भागात अशा सळया पाहून घर अर्धवट राहिलंय असं कुणी म्हणत नाही. या घरात अजून एक मुलगा लग्नाचा आहे, एवढाच अर्थ सगळे घेतात. तळमजल्यावर आई-बाप, पहिल्यावर थोरला मुहन्नद, दुसऱ्यावर मधला वाइल, आणि सळया होत्या धाकट्या कुतैबाच्या.

कुतैबाचं रनीमशी ठरलं होतं. रनीमचे वडील अबू ज़ैदून फरशांचे व्यापारी. त्यांची अट एकच होती. "पोरीच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर हवं. सळयांखाली संसार होत नाही." हे म्हणणं अबू मुहन्नद यांनाही पटलं होतं, कारण वाइलच्या सासऱ्यानेही हेच म्हटलं होतं.

अडचण नगरपालिकेत होती. नव्या नियमानुसार त्या गल्लीत आणखी मजला चढवायला मनाई होती. अपवाद फक्त हरित इमारत प्रोत्साहन योजनेचा. जी इमारत पाणी आणि वीज वाचवून दाखवेल, तिला बक्षीस म्हणून एक जादा मजला, म्हणजे आणखी पाणी आणि आणखी वीज वापरायची जागा, देण्यात येणार होती. योजना चांगल्या हेतूने आखलेली असल्यामुळे ती पुन्हा वाचून बघायची गरज कुणाला वाटली नव्हती.

योजनेचे प्रमुख इंजिनियर सफवान तरुण, हसतमुख आणि कामाचे वेडे होते. अबू मुहन्नद अर्ज घेऊन आले तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले, कारण तो पहिलाच अर्ज होता.

अबू मुहन्नद यांनी सगळं केलं. गच्चीवर सौर बंब बसवले, खिडक्यांना दुहेरी काचा लावल्या, आणि नळांना अशा जाळ्या बसवल्या की पाणी कमी आणि आवाज जास्त येऊ लागला. मग कार्यालयाला कळवलं. पाहणीसाठी समिती आली.

आता पाहुणे दारात आलेत आणि त्यांना जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं, ही गोष्ट मुहन्नदच्या आई, उम्म मुहन्नद, यांच्या घरात आजवर घडली नव्हती. शिवाय दोन्ही सुनांच्या माहेरची माणसं समिती बघायला म्हणून आलीच होती. मन्साफ शिजलं. दह्यातलं मटण, भाताच्या परातींवर बदाम, वरून तूप. समितीच्या अध्यक्षांनी तिसऱ्यांदा हात घातला आणि "आता पुरे" म्हणत चौथ्यांदाही घातला. नंतर सगळ्यांनी साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, सुनांनी पराती घासल्या आणि उम्म मुहन्नद यांनी तुपाचे डाग पडले म्हणून जिना वरपासून खालपर्यंत धुऊन काढला. मग समिती मीटरकडे गेली.

"काका," सफवान हळहळून म्हणाले, "आज तुमचा पाण्याचा वापर फारच झालाय हो."

"तुम्ही आलात म्हणून झाला ना, बाळा."

"ते खरं. पण अहवालात कारण लिहायला रकाना नाहीये."

अध्यक्ष सज्जन गृहस्थ होते. खाल्ल्या मिठाला जागून त्यांनी तिथल्या तिथे नियमात दुरुस्ती सुचवली: यापुढे पाहुण्यांनी केलेला वापर हिशेबात धरू नये. दुरुस्ती मंजूर झाली. अर्ज मात्र जुन्या नियमाने फेटाळला गेला.

दुसऱ्या खेपेला घराने कंबर कसली. आठवड्यातून एकदा पाणी येण्याच्या दिवशी सगळी गल्ली पायऱ्या आणि गाड्या धूत असताना उम्म मुहन्नद खिडकीत बसून ते नुसतं बघायच्या आणि त्यांच्या जिवाची तगमग व्हायची. कपडे उलटे करून पुन्हा घातले जाऊ लागले. नातवंडांना मात्र हा नियम मनापासून आवडला. आंघोळ टाळणं हे देशकार्य आहे, असं त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"मुहन्नदचे बाबा," उम्म मुहन्नद नाकाला ओढणी लावून म्हणाल्या, "मुलगी देणारे लोक घरात पाऊल ठेवतात तेव्हा आधी वास घेतात, हे लक्षात ठेवा."

"थोडे दिवस काढ गं. पोराचं घर उभं राहतंय."

मीटरचा काटा मात्र पुन्हा पुरेसा थांबला नाही. सफवान यांनी बरेच कागद चाळले आणि शेवटी अत्यंत प्रेमाने निदान सांगितलं. "काका, तुमची इमारत उत्तम आहे. तिच्यात दोष काढायला जागा नाही. जो काही त्रास आहे तो आत राहणाऱ्यांचा आहे."

अबू मुहन्नद रात्रभर विचार करत बसले नाहीत. उत्तर समोरच्याच इमारतीत भाड्याने मिळत होतं. सगळं बिऱ्हाड रस्ता ओलांडून तिकडे गेलं. ती इमारत कुठल्याच योजनेत नव्हती, तिथले नळ दिवसरात्र गळत होते, आणि इतक्या महिन्यांची तहान भागवत घरातले सगळे तिथे मनसोक्त न्हाले. उम्म मुहन्नद यांनी तर परक्याचा जिनाही धुतला.

रिकाम्या घरात ना दिवा लागला ना नळ सुटला. समितीने मीटर पाहिला, पुन्हा पाहिला आणि एकमेकांना मिठ्या मारल्या. इतकी काटकसरी इमारत राजधानीत दुसरी नव्हती. सर्वोच्च दर्जाचं प्रमाणपत्र मिळालं, मजल्याची परवानगी मिळाली. काँक्रीट भिजवायला रोज टँकरभर पाणी ओतलं गेलं, पण बांधकामाचं पाणी दुसऱ्या खात्याकडे येत असल्यामुळे वाचवलेल्या पाण्याला धक्का लागला नाही.

मजला सुंदर झाला. अबू ज़ैदून यांनी फरशा स्वतःच्या दुकानातून पाठवल्या, सगळीकडे हात फिरवून पाहिला आणि समाधानाने विचारलं, "मग पोरं इथे राहायला कधी येणार?"

"तेवढं सोडून बाकी सगळं ठरलंय," अबू मुहन्नद म्हणाले. "वापर वाढला की प्रमाणपत्र जाणार, आणि प्रमाणपत्र गेलं की मजला पाडणार. ती दोघं आमच्याबरोबर समोरच राहतील."

अबू ज़ैदून यांचा चेहरा उतरला. लग्न तिथल्या तिथे मोडायचंच, पण सोबत आलेली रनीम मध्ये पडली.

"काका, मी माझ्या घरात राहणार आणि हातही धुणार. तुमच्या प्रमाणपत्राला पाठवा भाड्याच्या घरात."

कुतैबा जन्मात पहिल्यांदा बापासमोर बोलला. "ती म्हणते ते बरोबर आहे, बाबा." अबू मुहन्नद यांना राग यायला हवा होता, पण आला अभिमान. त्यांनी तो लपवलाही नाही.

लग्न धूमधडाक्यात झालं, सगळे घरी परतले आणि मीटर वेड्यासारखा पळू लागला. सफवान धापा टाकत आले. त्यांचा एकमेव यशस्वी प्रकल्प वार्षिक अहवालात छापून झाला होता आणि अहवाल मंत्रालयात पोहोचला होता.

"काका, हे तुम्ही काय केलंत? मी आता वर तोंड कसं दाखवू?"

"बाळा, माझं सगळं कुटुंब तर कागदोपत्री समोर राहतं. इथे आम्ही पाहुणे आहोत. तुमच्याच अध्यक्षांचा नियम आहे."

सफवान यांनी क्षणभर विचार केला, मग अबू मुहन्नद यांच्या दोन्ही गालांचं चुंबन घेतलं आणि चहा मागितला.

ही युक्ती गल्लीला कळायला वेळ लागला नाही. वर्ष सरता सरता प्रत्येक घराने एकेक मजला चढवला आणि प्रत्येक कुटुंब स्वतःच्याच घरात पाहुणं झालं. गल्लीचा अधिकृत वापर शून्यावर आला. शून्य माणसांना आठवड्याला पाणी कशाला, असा रास्त प्रश्न पाणीखात्याला पडला आणि पुरवठा महिन्यातून एकदा झाला. समोरच्या गळक्या इमारतीला मात्र भरपूर पाणी येतं, कारण तिथे कागदावर अख्खी गल्ली राहते. सकाळी रनीम आणि कुतैबा हसतखिदळत तिथून बादल्या भरून आणतात आणि आपल्या मजल्यावर चढवतात. परदेशी शिष्टमंडळं त्यांचे फोटो काढतात आणि पारंपरिक काटकसरीबद्दल टाळ्या वाजवतात.

तुम्हीही गेलात तर टाळ्या वाजवाल, आत्ता हसताय तसेच. हसा. फक्त मघाशी न्हाणीघरात नळाखाली बादली लावून हे वाचायला बसला असाल, तर आधी उठून तो नळ बंद करून या. आवाज इथपर्यंत येतोय.