खिडकीपासून दूर बसवण्याची शास्त्रीय पद्धत

आकाशातून पडणारा दगड माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. माणूसच त्याला बघायला जातो.

हे नीट समजून घेऊ. दुमजली घराएवढा लहानसा लघुग्रह जमिनीवर पोचण्याआधीच उंच हवेत फुटतो. आधी उजेड दिसतो. धक्का मागाहून चालत येतो, कारण त्याला उजेडाइतकी घाई नसते. मधल्या वेळात सगळं गाव खिडकीशी जमतं, काचेला नाक लावतं, आणि मग धक्का पोचतो. (काच त्याच्याबरोबरच आत येते.)

म्हणून लघुग्रह अंदाज खात्यानं मागे एकदा अत्यंत जबाबदारीनं जाहीर केलं होतं : 'दुपारी आकाशात स्फोट होईल. कृपया खिडकीपाशी जाऊ नये.' ज्यांच्या कानावर हे गेलं नाही, ते आपापल्या कामात राहिले आणि सुखरूप राहिले. ज्यांच्या कानावर गेलं, त्यांनी खिडकीपाशी खुर्च्या मांडल्या आणि शेजाऱ्यांनाही बोलावलं. खात्याच्या चौकशी समितीनं निष्कर्ष काढला की दगडापेक्षा इशारा घातक आहे. सुधारणा म्हणून पुढच्या इशाऱ्यात 'कृपया' दोनदा लिहायचं ठरलं.

मग एके दिवशी खात्यातल्या ताईला दुर्बिणीच्या चित्रांत एक ठिपका सरकताना दिसला. तिनं गणित केलं, पुन्हा करून पाहिलं. दगड दुपारी शहराच्या डोक्यावरच फुटणार होता. साहेबांनी तिचं अभिनंदन केलं आणि दोन 'कृपया'वाला इशारा सोडला.

ताईला मात्र घरची खिडकी आठवली. तिचे वडील, अण्णा, दिवसभर खिडकीला चिकटून बसायचे. (गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पिशवीत काय होतं, ही निरीक्षणं खात्याच्या अखत्यारीत येत नाहीत, पण खात्याहून अचूक असतात.) तिनं फोन लावला.

"अण्णा, आज जरा आतल्या खोलीत बसा."

"का गं?"

"आकाशात स्फोट होणार आहे."

"कुठल्या बाजूला?"

पाठोपाठ खुर्ची खिडकीकडे आणखी सरकल्याचा आवाज आला. अशा वेळी शास्त्र गुंडाळून ठेवावं लागतं. (शास्त्रज्ञांनासुद्धा.)

"आणि हो, धाकटे मामा निघालेत तुमच्याकडे. गुडघ्याच्या ऑपरेशनचे फोटो घेऊन."

पलीकडे खुर्ची झटकन मागे सरकली. मग अण्णा दबक्या आवाजात म्हणाले, "मी घरात नाही म्हणून सांग." फोन तसाच राहिला आणि त्यातून न्हाणीघराची कडी लागलेली ऐकू आली.

अंदाज तंतोतंत खरा ठरला. आधी उजेड, मग धक्का, आणि अण्णांच्या रिकाम्या खुर्चीवर काचांचा सडा. साहेबांच्या नाकाला टाके पडले. इशारा लोक पाळतात की नाही, हे बघायला ते खिडकीत उभे होते.

संध्याकाळी ताई घरी पोचली, तरी अण्णा कडी काढायला तयार नव्हते.

"गेला का?" त्यांनी आतून विचारलं.

"कधीच फुटला, अण्णा."

"दगड नाही गं. मामा."

खात्यानं आता हीच पद्धत अधिकृत केली आहे. यापुढे आकाशाचं नावही निघणार नाही. कोण येतंय, एवढंच घराघरात कळवलं जाईल. त्यासाठी प्रत्येक घरी 'कोण आलेलं नको?' हा एक साधा प्रश्न विचारून झाला आहे. उत्तर द्यायला एकाही घराला विचार करावा लागला नाही.

नावं गुप्त ठेवायचा नियम आहे. तरी एवढं सांगायला हरकत नाही : तुम्ही कधी कोणाकडे गेलात आणि सगळं घर आतल्या खोलीत कडी लावून बसलेलं आढळलं, तर उगाच आकाशाकडे बघू नका. त्या दिवशी दगडबिगड काही येणार नसेल.