निळीच्या पुड्या आणि नाना

आमच्या शेजारचे नाना कुणाकडे गेले की आधी खुर्ची उलटी करून बघतात, मग बसतात. पोहे दिले तर चमच्यानं तळ उकरून वर आणतात. "वरून बरं दिसतंय ना? मग खाली बघावं," हे त्यांचं ब्रीद. जन्मभर एसटीत तिकीट तपासनीस होते. नोकरी सुटली, पण संशय काही सुटला नाही.

आमचं गाव आगरदांड्याच्या वरच्या अंगाला, खाडीकाठी. नानी गेल्या आणि नानांनी घरामागे पर्यटकांसाठी तीन खोल्या काढल्या. पाहुणा आला की नाना त्याच्याकडे विनातिकीट प्रवाशासारखं बघायचे. "मांडव्याच्या बोटीनं आलात? मग येवढा उशीर कसा झाला?" पाहुणे गेले की गाद्या उचलून बघायचे. तरी खोल्या कधी रिकाम्या नसत, कारण भाडं अगदीच थोडं. एवढ्याशा भाड्यात म्हातारा साधतो तरी काय, असा संशय मग आम्हालाच यायचा.

अलीकडे बांधाबाहेरच्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या चिखलात, गवत असं काही माजलं की विचारू नका. बांध आमची भातशेती खाऱ्या पाण्यापासून राखतो आणि लाटेचा पहिला मार हे गवत खातं. त्यामुळे सगळे खूश. पाहुणे तिथे उभे राहून फोटो काढायचे. नानांच्या कपाळाला मात्र आठ्या.

एका ओहोटीला त्यांनी मला बांधावर बोलावलं. गवताची मूठ धरून ओढली, तर कोथिंबिरीच्या जुडीसारखी ती हातात आली. मुळं जेमतेम बोटभर. मग काठी चिखलात खुपसली, ती पार मुठीपर्यंत आत गेली.

"बघ सूनबाय. कुणाच्यातरी संडासाचं, मोरीचं पाणी हितं येतंय. आयतं खायला मिळाल्यावर मुळं कशाला खाली जातील? आन् त्याच पाण्यानं खालची माती कुजत चाललीय. पूर्वी हितं काठी वीतभर जात न्हवती."

ते बोलत होते तेवढ्यात पुढचा हिरवागार काठ गवतासकट हळूच सरकला आणि खाडीत बसला. त्याच्या मागे बांध होता आणि बांधामागे आमचं भात.

"कोणतरी चोर हाय," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते खिशात निळीच्या पुड्या घेऊन फिरू लागले. ज्याच्या घरी जातील त्याच्या मोरीत, संडासात नीळ ओतायची आणि ओहोटीला खाजणात जाऊन निळं पाणी निघतं का यावर पहारा द्यायचा. परवानगी वगैरे भानगड नाही. आमच्या मोरीत खुडबुड ऐकून सासूबाई ओरडल्या, "कोण हाय रे?" आतून उत्तर आलं, "तपासणी!"

दोन घरांची नीळ खाजणात उतरली. दोघेही खोल्या भाड्यानं देणारे. नानांनी भर गावकीत उभं राहून ठरवून घेतलं की सांडपाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा नीट बांधून होईपर्यंत खोल्या बंद. ते दोघे तेव्हापासून नाना दिसले की तोंड फिरवतात.

मला राहवेना. "नाना, तुमच्याकडे ओतलीत का हो नीळ?"

"माझी टाकी मी उभा राहून बांधून घेतलीय."

"वरून बरीच दिसते," मी म्हटलं.

नाना माझ्याशी बोलेनासे झाले. मग एका सकाळी दारात येऊन "चल" एवढंच म्हणाले. माझ्यासमोर नीळ ओतली आणि आम्ही खाजणात जाऊन उभे राहिलो. पाणी उतरलं तसा दाट गवतातून निळा ओघळ निघाला. गवंड्यानं टाकीपुढचा शोषखड्डा खणलाच नव्हता, पाइप सरळ इकडे सोडून दिला होता. सिमेंटची गोणी न् गोणी मोजून घेणाऱ्या नानांना त्यानं असं फसवलं होतं.

तिथे आमच्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. आता म्हातारा मला गप्प राहायला सांगणार, असं मला वाटलं. पण ते तडक घरी गेले, शिडी लावली आणि 'राहण्याची सोय' ही पाटी स्वतः उतरवली. मग त्या दोघांच्या दारात जाऊन सांगून आले, "तिसरा चोर मी हाय."

गवंडी मुरुडच्या कामावर अडकला होता, तो पावसाळ्याआधी काही यायचा नाही, म्हणजे तोवर नानांच्या खोल्या रिकाम्याच. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी नाना आमच्या ओटीवर आले. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं, "तुझी पोरं बरी हायत ना? आवाज न्हाय त्यांचा."

"परीक्षा आहे नाना. अभ्यासाला बसवलंय दोघांना."

"आसं व्हय." ते उठले आणि पायरीवर थांबले. "भाडं काय, पेन्शन पुरते मला. पण नानी गेली आन् घर आसं मुकं झालं, की झोप लागंना. भिंतीपल्याड कोणतरी बडबडत आसलं, पोरंबाळं रडत आसली की डोळा लागायचा. परीक्षा झाली की... जरा भांडू दे पोरांना. मोठ्यानं."

इतकी वर्षं या माणसाचा आम्ही संशय घेतला आणि त्याला हवी होती ती पलीकडची बडबड. मी आत गेले, दोघांची पुस्तकं मिटली, दोघांत मिळून एकच मोबाइल दिला आणि त्यांना नानांच्या ओटीवर पाठवून दिलं.