कोळंबीचं बिऱ्हाड

तीन रात्री माझ्या डोळ्याला डोळा नव्हता, आणि कारण काय, तर बोटाच्या पेराएवढी एक कोळंबी.

झालं असं, की माझ्या लेकीच्या, मैनेच्या शाळेत भाषणं ठरली. विषय, समुद्रातले जीव. (आमच्या कर्जतला समुद्र येतो तो चिंधी कोळणीच्या पाटीतून, तोही बर्फात.) मी पडले मॅट्रिक, तेव्हा भाषण मीच लिहिणार! वाचनालयातल्या पुस्तकात सापडलं : एक इवलीशी कोळंबी समुद्रफूल नावाच्या प्राण्याच्या अंगावरच बिऱ्हाड करते. त्याच्या आडोशाला राहते, त्याचं उरलंसुरलं खाते आणि तिथून हलत म्हणून नाही.

"म्हणजे कशी गं?" मैनेनं विचारलं.

"म्हणजे आपल्या सुंदराआत्यासारखी," मी बोलून गेले.

माझ्या नणंदबाई खालापूरहून दिवाळीला दोन दिवसांसाठी आल्या होत्या. आता शिमगा तोंडावर आला होता.

मैना सगळं भाषण विसरायची, तेवढं उदाहरण विसरेना. "ते म्हणायचं नाही हं!" मी सकाळ-संध्याकाळ बजावायची. (पोराच्या डोक्यात एखादी गोष्ट पक्की बसवायची तर हाच उपाय.) त्यात वन्सं म्हणाल्या, "भाषनाला मी पन येनार हाय. पैल्या बाकावर बसनार."

भाषणाच्या दिवशी मैना उभी राहिली. कोळंबी आली, समुद्रफूल आलं, बिऱ्हाड झालं. मग ती अडली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं, वन्संकडे डोळ्यांनी खूण केली. तिला वाटलं, आई आठवण करून देतेय.

"जशी आमची सुंदराआत्या!"

सगळी शाळा हसली. वन्सं सोडून.

घरी येताच त्यांनी ट्रंक ओढली आणि पातळं कोंबायला लागल्या. (मनाला गार वाटलं, खोटं कशाला बोलू? पण नणंद रडत गेली, तर भावकीत मला तोंड दाखवायला जागा नव्हती.)

"चालली बगा तुमची कोळंबी!"

"वन्सं, पोर आहे ती, तिला काय कळतंय!" मी मैनेला पुढे ढकललं. "सांग आत्याला, तुझं चुकलं म्हणून."

मैनेनं आत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तिला एकदम सगळं उमगलं.

"हो गं आत्या, चुकलंच. तू तर याच घरात जन्मलीस. बाहेरून येऊन राहिलीय ती आई. उरलंसुरलं पण रोज तीच खाते."