आठ खोल्यांचं लॉज आणि शहरातला एकमेव तज्ज्ञ

"समलिंगी जोडप्यांचं स्वागत कसं करावं, ते ह्या शहरात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही!" पर्यटन कार्यालयाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी भर सभेत छाती ठोकून सांगितलं आणि तिथेच घोटाळ्याची नांदी झाली.

माणूस सोन्यासारखा, हं! फक्त डोक्यात एक गोष्ट शिरली की बाकीच्या बाहेर. उन्हाळ्यात ह्या समुद्रकाठच्या शहरात एलजीबीटीक्यू पर्यटकांची नुसती झुंबड! पण वाऱ्याचे महिने लागले की किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. साहेबांना ज्या मावशीने लहानाचं मोठं केलं, तिचं आठ खोल्यांचं लॉज तेव्हा ओस पडे. यंदाही तसंच झालं तर विकून टाकणार, असं ती म्हणाली आणि साहेबांनी कंबर कसली.

"ह्या पाहुण्यांना बाराही महिने बोलवायचं!" साहेबांनी ठरवलं. नामांकित प्रवासलेखक आणि त्याचा नवरा, दोघांना ऐन वाऱ्यात आमंत्रण गेलं. मग अख्ख्या शहराची शिकवणी! मावशीची जुनी मैत्रीण लॉजचं स्वयंपाकघर सांभाळायची. साहेब तिला लहान मावशी म्हणत. तिलाही पहिल्या रांगेत बसवलं.

"लहान मावशी, दोन पुरुष एक खोली मागतील. दचकायचं नाही!"

"बरं बाबा, नाही दचकत," ती म्हणाली. शेजारी मावशीला एकाएकी जोराचा खोकला लागला.

पाहुणे उतरले. स्वागताला केवढा तरी इंद्रधनुषी झेंडा! वाऱ्याने तो उचलला आणि लेखक, नवरा, महापौर आणि टॅक्सी सगळ्यांना एकत्र गुंडाळून टाकलं. आतून टॅक्सीवाल्याने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "आपल्या प्रेमाचा आम्हाला आदर आहे! सामान डिकीत ठेवू?" पुढे बेकरीवाला, "आपल्या प्रेमाचा आम्हाला आदर आहे! सुट्टे द्या." वाहतूक पोलिसाने तर शिट्टी मारून भर चौकात थांबवलं. का? आदर आहे हे सांगायला!

"अहो, आमच्या लग्नातही एवढं कौतुक झालं नव्हतं," लेखक केविलवाणा होऊन म्हणाला.

पाहुण्यांना थाटात मोठ्या हॉटेलात उतरवलं होतं; दुसऱ्या दिवशी तिथून ते गायब! साहेबांनी सगळा किनारा पालथा घातला. शेवटी सापडले ते मावशीच्या स्वयंपाकघरात. नवरा बटाटे सोलत होता, लेखक गरम पाण्यात पाय सोडून बसला होता आणि मावशी त्याला झापत होती.

"ओले मोजे पलंगावर? तुझ्या घरी चालतं का रे असं?"

"मावशी! आदर! आदर!" साहेब किंचाळले.

"आदर गेला खड्ड्यात! आधी पाय पुसू दे त्याला!"

संपलं सगळं. लॉज गेलं, असं मानून साहेब घरी जाऊन पांघरूण घेऊन पडले.

आणि लेख आला! 'वाऱ्याच्या महिन्यांतच जा. अख्खं शहर तुमच्यावर वेड्यासारखं प्रेम करतं. पण राहा मात्र त्या छोट्या लॉजवर. तिथल्या दोघींचा चाळीस वर्षांचा संसार आहे. त्यांची भांडणं ऐकून आम्हाला आमचं म्हातारपण दिसलं, आणि ते फार गोड वाटलं.'

लॉजचा फोन वाजायचा थांबेना. साहेब नाचतच स्वयंपाकघरात शिरले. "मावशी, लॉज वाचलं! सगळे महिने भरले! फक्त लेखकाने थोडा घोळ घातलाय. ह्या संसारवाल्या दोघी कोण?"

पळी हवेतच थांबली.

"आम्ही रे," लहान मावशी म्हणाली. "दचकायचं नाही!"

साहेब दोघींकडे आळीपाळीने पाहू लागले. "आणि... आणि मला सांगितलं नाहीत?"

"लपवलं कुठे होतं?" मावशी म्हणाली. "अख्ख्या गावाला ठाऊक आहे. परवा आमच्या संसाराच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा केक तूच आणलास!"

"मला वाटलं, लॉजचा वाढदिवस!"

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी दोघींना एकदमच मिठी मारली, पळीसकट. मावशीने त्यांचे डोळे पुसले आणि मग मात्र तिला राहवलं नाही.

"अरे गाढवा, आठ खोल्यांचं लॉज. निम्मं वर्ष आठही रिकाम्या. तरी आम्ही दोघी जन्मभर एकाच खोलीत. तुला वाटलं तरी काय?"

शहरातला एकमेव तज्ज्ञ खाली मान घालून पुटपुटला, "मला वाटलं, चादरी धुवायच्या वाचवता."