तापीकुमारची चिंच

दोन हजार तेवीस साली आमचा भटू बासष्ट वर्षांचा होता आणि शूटिंग सुरू झालं की कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहायचा. समोर नायिका रडतेय, लाइटी तापल्यात, सगळं युनिट श्वास धरून बसलंय, आणि हा डायरेक्टर हाताची घडी घालून उकिरड्याकडे तोंड करून! सीन संपला की मान न वळवता म्हणायचा, "दुसऱ्या वाक्याला खोटं रडली. परत घ्या." आणि ती खरंच खोटं रडलेली असायची.

कोणी विचारलंच तर त्याचं उत्तर ठरलेलं. "डायरेक्टरानं पाहायचं नसतं. त्याचं पाहून झालेलं असतं."

भटू माझा चुलतभाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. गाव आमचं शिंदखेड्याजवळ. मी तिसरीत शाळा सोडली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आणि कोणी वाटून द्यायचा प्रयत्नही करू नये. तो मॅट्रिकला नापास होऊन मुंबईला पळाला. बऱ्याच वर्षांनी धुळ्याच्या थेटरावर मोठं पोस्टर लागलं, त्यावर नाव : दिग्दर्शक तापीकुमार. म्हणजे आमचा भटूच. गाव ट्रॅक्टर भरभरून गेलं. पिक्चर हिंदी. त्यात स्वित्झर्लंडच्या बर्फात नाचून दमलेली नायिका पर्समधून कळण्याची भाकरी आणि ठेचा काढते नि नायकाला भरवते. मुंबईचे लोक म्हणे पोट धरून हसले. धुळ्यात आणि जळगावात शिट्ट्यांनी कानठळ्या बसल्या.

"ठेचा खाऊन जो पाणी मागत नाही त्याचंच प्रेम खरं, नाना," तो मला म्हणाला होता. असले त्याचे सिद्धांत. पुढचे काही पिक्चर चालले, काही पडले, मग किती तरी वर्षं काहीच नाही. लग्न केलं नाही. विषय काढला की म्हणायचा, "फ्रेममध्ये दुसरं माणूस मावत नाही."

आणि एक दिवस हा गडी ट्रक, जनरेटर आणि एवढी माणसं घेऊन गावात हजर. निर्माता डोंगरावरची थंड जागा द्यायला तयार होता, पण हा अडून बसला, की शूटिंग करीन तर माझ्या गावात. गावाला वाटलं, काय हे मातीचं प्रेम! मलाही वाटलं. चार दिवस मी पारावर कोणाशी सरळ बोललो नाही, एवढी मान ताठ.

पण त्याची नवी तऱ्हा मला खपेना. घरातही काळा चष्मा. कोणी जवळ आलं की, "आधी नाव सांगा, मग बोला." मलासुद्धा!

"भटू, तुला खांद्यावर बसवून मी पोळा दाखवला. मी नाव सांगू?"

"सांगत जा ना, नाना."

"नाही सांगत."

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या घराच्या ओट्यावर चहा घेत होता. मी मुद्दाम न बोलता त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. बघू किती वेळ ओळख देत नाही ते. त्यानं चष्मा काढला, पुसला, आणि थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं. भिंतीकडे पाहावं तसं. मग हातानं चाचपडत बशी शोधली.

माझा राग पायातून निघून गेला. "भटू," म्हटलं. कप पालथा झाला.

त्यानं कप उचलून सरळ ठेवला. मग म्हणाला, "मधलं सगळं गेलं, नाना. कडेकडेनं थोडा उजेड कळतो. डॉक्टर म्हणतात, तोही जाईल. या गावात मला डोळे लागत नाहीत. पायरी कुठं, उतार कुठं, ऊन कुठून येतं, सगळं पाठ आहे. म्हणून इथं आलो. निर्मात्याच्या मॅनेजरला कळलं तर उद्या माझ्या खुर्चीत दुसरा बसेल. एवढा एक पुरा होऊ द्या."

तेव्हापासून माझी झोप गेली. मी त्याच्या एक पाऊल पुढे चालायचो. पायरी आली की खोकायचो. मॅनेजर येताना दिसला की जरा जोरात खोकायचो. गावात सगळीकडे केबली पसरलेल्या, त्यामुळे दिवसभर खोकणंच. आमची मंडळी म्हणाली, "तुमले दमा लागना का काय?" नायिकेनं स्वतः हळदीचं दूध पाठवलं. युनिटच्या डॉक्टरानं खोकल्याचं औषध दिलं आणि समोर उभं राहून पाजलं. नाही म्हणायला कारण काय सांगणार?

त्या औषधानं घात केला. दुपारी खुर्चीतच माझा डोळा लागला. जाग आली ती भटूच्या आवाजानं.

"नायिका चिंचेखाली उभी करा. सावली तिच्या अर्ध्या तोंडावर पाहिजे."

कोणी हललं नाही. कॅमेरामन अन्वर मॅनेजरकडे पाहतोय, मॅनेजर भटूकडे. आणि भटू बोट करून उभा, त्या बोटापुढे नुसता डांबरी रस्ता. तो मुंबईत होता तेव्हाच रस्ता रुंद करताना गावाची जुनी चिंच पाडलेली. मी सगळं सांगितलं होतं त्याला, खड्डे, दगड, केबली. चिंच राहून गेली.

मी उठलो आणि माझ्या हिंदीत ओरडलो, "पेड आनेका बाकी है! साहबने मेरेकू कल बोला था, लगाके रखो. मैं भूल गया!"

मॅनेजर म्हणाला, "नानाजी, पेड़ भी कोई भूलता है?"

"उमर हो गया," म्हटलं.

मग धावपळ. सेटवाल्यांनी बांबू बांधले, गोणपाट गुंडाळलं, वर प्लास्टर थापलं, नदीकडून खऱ्या फांद्या आणून खोचल्या. ऊन कलता कलता चिंच उभी राहिली. शॉट झाला. मॅनेजर खूश होऊन म्हणाला, "सर, लगता है सौ साल से यहीं खड़ा है."

"खड़ा ही है," भटू म्हणाला, पण दुपारभरची ठोकाठोक त्यानं ऐकली होती.

दिवेलागणीला युनिट जेवायला गेलं. भटू मला घेऊन झाडापाशी आला. म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा त्यानं बुंध्यावर हात ठेवला. मग बोटानं ठोकलं.

"नाना, हाई काय शे?"

"चिच."

"पोकळ वाजी ऱ्हायनी."

सांगितलं सगळं.

"माले कोन्हीच सांगं नही," तो म्हणाला.

"तू फोन करस, पाऊस इचारस नि ठेवी देस. कव्हय सांगू?"

तो खाली बसला. म्हणाला, "डोळे जायला लागल्यापासून रोज झोपताना मी इथं येऊन बसतो, नाना. मुंबईच्या खोलीतून." मग विचारलं, "आणखी काय काय गेलं?"

मी सांगत गेलो. शाळेची कौलं गेली, पत्रे आले. चौकातली विहीर बुजवली. त्याच्या आईचा ओटा गटारीत गेला. प्रत्येक गोष्टीला तो "कधी?" एवढंच विचारायचा. शेवटी म्हणाला, "म्हणजे त्या गावात मी एकटाच राहत होतो."

मला हट्ट करता येतो, भांडता येतं. समजूत घालता येत नाही. मी त्याच्याशेजारी बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याआधी उठला. चष्मा घातला नाही. माझा कोपर धरून सरळ सेटवर आला आणि सगळ्यांना बोलावून म्हणाला, "मुझे दिखाई नहीं देता. यहाँ पेड़ भी नहीं है. उसे हटाओ, रास्ता जैसा है वैसा लो. जिसे जाना है, वो जाए."

मॅनेजर फोन कानाला लावून लांब गेला. अन्वरनं आणखी एक खुर्ची आणली आणि भटूच्या खुर्चीला लावून ठेवली. मी बसलो. प्लास्टरची चिंच दोन सेटवाल्यांनी उचलून नेली.

"काय दिखस, नाना?"

"रस्ता."

"आखो काय?"

"मधोमध कुत्रं झोपेल शे. उठाडू का?"

मॅनेजर अजून फोनवरच होता.

"ऱ्हाऊ द्या," भटू म्हणाला. मग मोठ्यानं, "ॲक्शन!"